कांदा खात नाही, मग कर्दळ का लावता?



प्रश्न माझा नाही. मंदिरातल्या एका मावशींचा आहे. गेल्या महिन्यात त्या सहज घरी आल्या, आणि मी नेमकी मागच्या दारी मोरीजवळ कर्दळीचा जुना गड्डा उकरून बसले होते. हातात कोयता, समोर चिखल लागलेले कंद. मावशी उंबऱ्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, कांदा-बटाटा घरात येऊ देत नाहीस, आल्याऐवजी सुंठ वापरतेस, आणि हा कंद असा तोडतेस? हा जीव नाही का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. चहा केला, विषय बदलला. पण प्रश्न काही गेला नाही.

त्याच आठवड्यात ह्यांनी गवंड्याला बोलावलं. मागचं अंगण सगळं कोबा करून टाकायचं, मोरीचं पाणी पाइपने रस्त्याच्या कडेला सोडायचं, म्हणजे चिखल नाही, झाडझाडोरा नाही, सापकिरडाची भीती नाही. मुलालाही ते पसंत. म्हणजे एकीकडून धर्म म्हणतो कर्दळ नको, दुसरीकडून सोय म्हणते कर्दळ नको. सासूबाईंनी लावलेला तो वाफा. त्या गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. मला वाटलं, आता नीट विचार करायलाच हवा. तो विचार तुमच्यासमोर मांडते.

आधी मावशींचं म्हणणं, कारण ते हलकं नाही. गोम्मटसार जीवकांडात साधारण वनस्पती ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. शिरा, सांधे, पेरं स्पष्ट दिसत नाहीत, मोडली तर सरळ सारखी मोडते, मध्ये तंतू राहत नाही, आणि कापली तरी पुन्हा उगवते. यातली शेवटची खूण कर्दळीच्या कंदाला पुरेपूर लागू होते. बोटभर तुकडा ठेवा, त्यावर एक डोळा असला की पुरे, पंधरा-वीस दिवसांत कोंब वर. त्यामुळे "कर्दळ खायची थोडीच आहे, मग कंदाचं काय एवढं" असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. खाल्ला काय आणि कोयत्याने तोडला काय, कंदाला दोन्ही सारखंच.

पण श्रावकाचा धर्म इथे संपत नाही, इथे सुरू होतो. गृहस्थाकडून होणारी हिंसा चार प्रकारची सांगितली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. संकल्पी म्हणजे ठरवून, मारण्यासाठी मारणं. ती सोडायचीच. आरंभी म्हणजे चूल, केर, पाणी, धुणं या घरकामात टाळता न येणारी. ती कमी करत जायची. आणि आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यात प्रमादचर्या आहे: काही कारण नसताना जमीन खणणं, पाणी उडवणं, आग लावणं, वनस्पती तोडणं. तिथे दोष लावला आहे तो "कारण नसताना" या गोष्टीला. म्हणून माझ्यापुरता प्रश्न असा झाला: माझ्या मागच्या दारच्या कर्दळीला काही कारण आहे का, की ती नुसती हौस आहे?

याचं उत्तर द्यायचं तर आमच्या खर्डीच्या पाण्याबद्दल बोलावं लागेल.

बाहेरच्या माणसाला आमचा शहापूर तालुका म्हणजे पाणीच पाणी. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं. भातसा धरण आमचंच, मुंबईच्या रोजच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा त्याचा. वैतरणेच्या धरणांकडे जाणारा रस्ता खर्डीवरूनच जातो. आणि तरी दर वर्षी चैत्र-वैशाखात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, बायका डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी वाटी-वाटीने पाणी भरतात. कातळ आणि मुरूम, पाऊस पडला तसा उतारावरून वाहून जातो, उन्हाळ्यापर्यंत जमिनीत फारसं काही उरत नाही. अशा गावात मी शोभेच्या फुलाला पिण्याचं पाणी घातलं, तर ते मला सरळ सरळ पाप वाटतं. पाण्याच्या एकेका थेंबात अपकाय जीव मानणाऱ्या, पाणी गाळून जिवाणी जपून परत सोडणाऱ्या घरात तर जास्तच.

म्हणून माझं पहिलं मत स्पष्ट आहे. गेटजवळ, कुंडीत, पोर्चमध्ये नळाच्या पाण्यावर वाढवलेली कर्दळ मला मान्य नाही. कर्दळ पाण्याला हपापलेली असते. तिला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. खर्डीत एवढं चांगलं पाणी फुलांसाठी नाही.

पण सांडपाणी? ते तर रोज घरातून बाहेर पडतंच. मी एकदा मोजून पाहिलं. पाच माणसांचं घर, आंघोळ, भांडी, धुणं मिळून एरवी वीस-बावीस बादल्या, टँकरच्या दिवसांत दहा-बारा. हे पाणी कुठेतरी जाणारच. उघड्यावर साचलं की डबकं होतं. डबक्यात डास अंडी घालतो, आणि आपल्या उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतात. मग काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कोणी डबक्यावर रॉकेल ओततं, कोणी औषध मारतं, धुराचं यंत्र येतं, घरात कॉइल लागते. हजारो जीव जातात, आणि आपण म्हणतो, काय करणार, मुलांना मलेरिया-डेंगू व्हायला नको. खरंच नको. पण तो जीव आधी जन्माला येऊ दिला कोणी? आपल्याच मोरीने.

ह्यांच्या पाइपचंही तेच. पाइपने पाणी नाहीसं होत नाही, फक्त आपल्या अंगणातून दुसऱ्याच्या दारात जातं. रस्त्याच्या कडेला आमच्यासारख्या दहा घरांचे दहा पाइप सुटले की तिथे कायमचं गटार. त्या गटाराशेजारी राहणारा कोण आहे, ते आपल्याला माहीत असतं.

आपल्या आज्या-पणज्यांनी याचं उत्तर फार पूर्वी काढलं होतं. कोकणात, ठाण्याच्या खेड्यांत, घाटावर, जुन्या घरांच्या मोरीमागे तीन झाडं हमखास दिसायची: केळ, अळू आणि कर्दळ. तिन्ही पाणी पिणारी, तिन्ही ओल्या जमिनीत न कुजणारी. गंमत म्हणजे जुन्या मराठीत कर्दळी म्हणजे केळच. दत्तसंप्रदायातलं कर्दळीवन हे केळीचं बन. आजची आपली फुलांची कर्दळ मूळची अमेरिकेतली. लिनीयसने १७५३ साली तिचं नाव कॅना इंडिका ठेवलं खरं, पण ती इथे आली ती समुद्रापलीकडून. दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ भागात तिचा कंद शिजवून खातात, व्हिएतनाममध्ये त्याच्या पिठाच्या शेवया होतात. आपल्याकडे मात्र ती मोरीची राखणदार झाली.

आणि ती राखण खरी आहे. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी खडी-वाळूच्या वाफ्यात झाडं लावण्याची पद्धत आता जगभर वापरतात, त्यात कर्दळ हे नेहमीचं झाड आहे. तिची मुळं दाट जाळ्यासारखी पसरतात, मुळांभोवती थोडी हवा पोहोचते, तिथले सूक्ष्म जीव पाण्यातली घाण फोडतात, आणि त्यातलं नत्र-स्फुरद झाड स्वतःच्या वाढीसाठी घेतं. तत्त्वार्थसूत्रात जीव एकमेकांना उपकारक असतात असं सांगितलं आहे. ते मी मंदिरात शंभरदा ऐकलं, पण पाहिलं ते मोरीच्या मागे.

तेव्हा कारण आहे. डबकं होऊ न देणं, शेजाऱ्याच्या दारात घाण न सोडणं, आणि पुढची मोठी हिंसा आधीच टाळणं. कंद कापण्याची आरंभी हिंसा त्यासमोर ठेवली की माझ्या मनाचा तराजू कर्दळीकडे झुकतो. पण "कारण आहे" म्हटलं की सगळंच चालतं असं नाही. कसं करतो, त्यावरही धर्म ठरतो. इथे माझी एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल.

चार-पाच वर्षांपूर्वी पावसाळ्यात कर्दळीची पानं सुरळीसारखी गुंडाळलेली दिसायला लागली. आत अळी. ही अळी पान दुमडून, धाग्याने चिकटवून आत बसते आणि खात राहते. वाफा दोन आठवड्यांत फाटक्या चिंध्यांसारखा झाला. दुकानातून पावडर आणली, पाण्यात कालवली आणि संध्याकाळी फवारली. डाळीतला किडा सोंडला तर हलक्या हाताने बाहेर नेऊन सोडणारी मी, त्या वेळी "झाडाचं औषध" एवढाच शब्द डोक्यात होता. सकाळी पाहिलं तर अळ्या तर मेल्याच होत्या, मुंग्या मेल्या होत्या, फुलात दोन मधमाशा मेल्या होत्या. रोज सकाळी शिंजीर यायचा त्या फुलांवर, तो काही दिवस आला नाही. त्याला काही झालं की तो नुसताच दुसरीकडे गेला, मला कधीच कळणार नाही. ती आरंभी हिंसा नव्हती मैत्रिणींनो. ती संकल्पी होती. मी ठरवून मारलं होतं, आणि तेही पानं छान दिसावीत म्हणून.

तेव्हापासून फवारणी बंद. आणि खरं सांगते, कर्दळ मेली नाही. पानं फाटतात, अळीचं पाखरू होऊन उडून जातं, कंदातून नवे कोंब येतात. भाद्रपदात वाफा पुन्हा हिरवा. ज्यांना पूर्ण सुरेख पानं हवीत त्यांनी कर्दळ लावूच नये, असं माझं मत आहे.

आता ज्यांना लावायची आहे त्यांच्यासाठी, मी कशी करते ते लिहिते.

जागा मोरीच्या उताराला, पण भिंतीच्या पायापासून दोन-तीन हात लांब. निदान पाच-सहा तास ऊन हवं, सावलीत नुसती पानं माजतात. पाणी पडतं तिथे आधी एक छोटा खड्डा विटांचे तुकडे आणि खडी भरून करावा, म्हणजे पाणी पसरतं, वर साचत नाही. चार दिवस पाणी वर उभं दिसलं तर समजा वाफा लहान पडतोय, मोठा करा. उष्ट्या भांड्यांचं खरकटं आधी काढून टाका, नाहीतर वास सुटतो. ॲसिड, फिनेल, कपड्यांची ब्लीच यातलं काहीही त्या मोरीत नको. आणि डाळ-भाताचं गरम पाणी थंड झाल्याशिवाय ओतू नका. हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलंच आहे, पण घाईत विसरतं.

कंद लावताना प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे हवेत, तीन-चार इंच खोल, दोघांत दीड-दोन फूट अंतर. सुरुवातीला थोडं जुनं शेणखत, मग काही नाही, सांडपाण्यातच तिचं जेवण असतं. एका दांड्याची फुलं संपली की तो दांडा पुन्हा फुलत नाही, तो तळाशी कापून वाफ्यातच पसरते. पानांखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा, तेवढी पानं काढावीत आणि झाडी विरळ ठेवावी. पानांवर पिवळ्या रेषा-ठिपके येऊन नवीन पानं वाकडी यायला लागली तर तो विषाणू. त्याला औषध नाही. त्याचे कंद कोणालाही देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कधी उकरायचं. बागेची पुस्तकं सांगतात पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा पाऊस लागल्यावर कंद विभागा, रुजतात पटकन. माझं म्हणणं वेगळं आहे. आपला चातुर्मास आषाढ शुद्ध चतुर्दशीला सुरू होतो तो उगाच नाही. पहिल्या पावसानंतर मातीच्या मुठीमुठीत जीव असतो. गांडुळं, गोगलगायी, पैसे, बेडकांची पिल्लं. ज्या महिन्यांत मुनिमहाराज विहार थांबवतात, पालेभाजी आपण सोडतो, त्या महिन्यांत आपण कुदळ घेऊन वाफ्यात उतरायचं? म्हणून जे काही उकरायचं ते वैशाख-ज्येष्ठात, पाऊस लागण्याआधी, वाफ्याच्या कोरड्या कडेला, हाताने माती मोकळी करत. तेही तीन वर्षांतून एकदा, गड्डा फार दाटला तरच. एकदा आषाढी चौदस झाली की कार्तिक पौर्णिमेपर्यंत आमच्या वाफ्याला कुदळ लागत नाही.

ज्यांना कंद तोडणं अजिबात नको वाटतं, त्यांना बियांची वाट आहे. कर्दळीची काटेरी बोंडं वाळली की आतून काळ्या, गोल, छऱ्यासारख्या बिया निघतात. इंग्रजीत म्हणूनच तिला इंडियन शॉट म्हणतात. बी इतकी टणक की अर्जेंटिनात एका जुन्या खुळखुळ्यात सापडलेलं पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीचं बी रुजलं होतं. ती बी दगडावर एका बाजूने घासायची, आतला पांढरा ठिपका दिसला की थांबायचं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायची आणि मातीत अर्धा इंच खाली. दोन-तीन आठवड्यांत कोंब. मात्र बाजारातल्या मोठ्या फुलांच्या संकरित जातीची बी आईसारखंच फूल देईल असं नाही. बी हीही जीवच, हे मला माहीत आहे. पण इथे तोडणं नाही, उकरणं नाही.

फुलांबद्दल एक सांगते. कर्दळीच्या फुलात जे रंगीत मोठं दिसतं त्या खऱ्या पाकळ्या नसतात. ते पुंकेसर आहेत, पाकळ्यांसारखे पसरलेले. खऱ्या पाकळ्या खाली, बारीक, कोणाचं लक्ष जाणार नाही अशा. आणि परागकण असतात ते एकाच केसराच्या अर्ध्या भागात. मी ती फुलं तोडत नाही, मंदिरातही नेत नाही. शिंजीरासाठी ठेवते. तो परत येतो आता. तोच आहे का, माहीत नाही.

कोब्याचं काय झालं? भांडण नको म्हणून वाटणी झाली. दारापासून गाडी लावण्यापुरता कोबा झाला, मोरीकडचा भाग मातीचा राहिला. सापाची भीती ह्यांची खरी होती, म्हणून वाफ्याची खालची वाळकी पानं मी आता दर आठवड्याला काढते आणि दारापासून चार पावलं मोकळी ठेवली आहेत.

मावशींना मी हे सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "तुझं कारण पटलं, पण कंद तो कंदच." त्यांनी कंद घेतला नाही, बियाही घेतल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांचं बरोबर आहे. कारण पटलं म्हणून हिंसा पुसली जात नाही. ती फक्त हिशेबात नीट लिहिली जाते. दशलक्षणानंतर क्षमावणीला आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो, तेव्हा माझ्या यादीत आता माणसांबरोबर दोन मधमाशा असतात, काही अळ्या असतात, आणि मोरीमागचा तो गड्डा असतो.

तुमच्या मोरीचं पाणी कुठे जातं, हे आज एकदा मागच्या दारी जाऊन पाहा. कर्दळ लावायची की नाही ते मग ठरवा.

जय जिनेंद्र.